धोंडप्पाच्या हरणीची राखण

धोंडप्पा मापाडी होता हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं लोकांनी त्याला भलतंच काहीतरी करून ठेवलं. लातूरच्या अडतीत तो धान्याचं माप घालायचा. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही बाजाराची रीत. एका साली दुष्काळ पडून मार्केट यार्डात ज्वारीचं पोतं उतरेना, तेव्हा धोंडप्पाचा 'लाभ' घशातच राहिला. त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला होता. उस्मानाबादहून कपाटं आली, खुर्च्या आल्या, साहेब आले. पाणी तेवढं यायचं राहिलं. एका नव्या कचेरीत घागरी भरायला आणि घंटी वाजली की धावायला माणूस हवा होता. अडत्यानं शब्द टाकला आणि पन्नाशी ओलांडलेला धोंडप्पा हंगामी शिपाई झाला.

माझं हॉटेल त्या कचेरीच्या फाटकासमोर, लिंबाखाली. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक स्टोव्ह; पण पाटीवर हॉटेल लिहिलंय, तेव्हा हॉटेलच म्हणायचं.

धोंडप्पा पहिल्या दिवशी आला तोच कुत्री घेऊन. करवानी जातीची, पोट पाठीला लागलेलं, तोंड लांबोडकं, रंग वाळल्या कडब्याचा. तिचं नाव हरणी. ही जात पळायला नावाजलेली, त्यामुळं शौकीन लोकांचा डोळा तिच्यावर. धोंडप्पाची बायको कमलम्मा हिनं तिला पिल्लू असताना बोटानं दूध चाटवून जगवलेलं. कमलम्मा वारली, मूलबाळ नव्हतं, आणि चाकूरकडचं गाव सोडून आलेल्या धोंडप्पाच्या सोबतीला त्या भाड्याच्या खोलीत हरणीशिवाय कुणी नव्हतं. तो तसं कधी बोलला नाही. पण भाकर मोडली की पहिला तुकडा तिच्यापुढं टाकायचा, आणि ते बघून माझ्यासारख्या खडूस माणसालाही गलबलायचं.

खोलीत एकटी कोंडली की हरणी रडून गल्ली डोक्यावर घ्यायची. घरमालकानं सांगितलं, एक तर कुत्रं ठेवा नाहीतर खोली. कचेरीत कुत्र्याला मनाई. मग दिवसभर हरणी माझ्या लिंबाला बांधलेली आणि धोंडप्पाचा अर्धा जीव खिडकीला टांगलेला. साहेबानं पाणी मागावं आणि यानं लिंबाकडं बघत पाणी टेबलावर सांडावं, असं चालायचं.

नव्या जिल्ह्याबरोबर नव्या जिपा आल्या होत्या. त्यातला एक ड्रायव्हर चहा पिता पिता हरणीला न्याहाळायचा.

"अप्पा, देऊन टाका की. पुण्याचे एक साहेब मागायलेत."

"लेकरू इकतेत का कुनी?" धोंडप्पा म्हणायचा.

पुढं एका दुपारी कुणीतरी हरणीचं दावं कापलं. तिनं कोकलून आभाळ डोक्यावर घेतलं, गिऱ्हाइकं उठली, कापणारा पळाला. कोण ते मी पाहिलं नाही. मी दूध उतू जाऊ नये म्हणून बघत होतो, आणि त्या साली दूध कुत्र्यापेक्षा महाग होतं. गळ्यात दाव्याचं तुटकं टोक घेऊन हरणी फाटकात उभी राहिली. धोंडप्पा बाहेर आला, तिच्या मानेत तोंड खुपसून रडला. अख्ख्या कचेरीदेखत.

त्या दिवसापासून त्यानं राखणीचा ध्यास घेतला. आधी साखळी आणली आणि तिला पितळी कुलूप घातलं. कुलूप बघून लोकांना कळलं की माल भारी आहे. ज्यांनी कधी हरणीकडं बघितलं नव्हतं तेही किंमत विचारू लागले. मग त्यानं 'ही लई चावती' अशी आवई उठवली. हरणीनं येईल त्याचा हात चाटून ती खोटी पाडली. मला राखण करायला सांगितलं, तर मी सरळ नाही म्हणालो. चहा गाळू का कुत्रं सांभाळू?

शेवटी अक्कल आली ती यार्डातून. तिथं देवाला सोडलेला एक वळू होता. पोत्यात तोंड घालायचा, शेंगदाण्याची रास उधळायचा, आणि अडते वर हात जोडायचे. त्याला हाकलायची कुणाची छाती नव्हती, चोरणं तर लांबच. माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरली तेव्हा धोंडप्पा रजा काढून गेला आणि भंडारा अन् कवड्यांचा पट्टा घेऊन आला. हरणीच्या कपाळाला हळद फासली, गळ्यात कवड्या बांधल्या, आणि सगळ्यांना सांगत सुटला, "माळेगावच्या देवाची हाय ही. हात लावाल तर निसंतान व्हाल."

"अरे, देवाच्या नावानं खोटं बोलायलास?" मी म्हणालो.

"खोटं कसलं, वीरण्णा? म्हाळसा कुनाची? आपल्या लिंगायत वाण्याची लेक. म्हंजे खंडोबा आपला जावई झाला. सासुरवाडीच्या मान्साला येवढी सवलत नको का?"

आणि उपाय लागू पडला. त्या ड्रायव्हरनं दुसऱ्याच दिवशी हरणीला लांबून नमस्कार केला आणि एक बिस्कीट ठेवलं. धोंडप्पाच्या हातचं पाणी सांडायचं थांबलं. माणूस इतका खूश मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण खूश झालेल्या माणसानं जरा थांबून बघावं, असं माझं मत आहे.

झालं असं, की कचेरीतल्या अव्वल कारकुनाची बदली हदगावला लागली होती. त्यानं जाता जाता हरणीचा भंडारा कपाळाला लावला आणि बदली रद्द झाली. ती साहेबाच्या मेव्हण्यामुळं रद्द झाली, हे चपराशापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दुसऱ्या सकाळी लिंबाखाली नारळ फुटला. मग टँकरच्या रांगेतल्या बाया येऊ लागल्या. पोरांच्या तोंडाला दूध नसलेल्या बाया वाटीत दूध आणायच्या. हरणीचं पोट पाठीपासून सुटलं. माझा चहा दुप्पट खपू लागला, तेव्हा माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार केली ती गुणाबाईनं. रांगेतली सगळ्यात म्हातारी बाई, तोंड फाटकं. तिनं साखळी बघितली आणि धोंडप्पाला फाटकातच धरलं. "मुडद्या, देवाचं कुत्रं कुलपात घालून ठेवायलास? म्हनून तर आभाळ कोरडं पडलंय!"

दुष्काळाला कारण सापडलं म्हटल्यावर लोकांना दम निघतो का? कुणीतरी दगडानं कुलूप फोडलं. संध्याकाळी कचेरी सुटली, धोंडप्पानं नेहमीसारखी हरणीच्या मानेला दोरी लावली आणि घरचा रस्ता धरला. लोक आडवे आले.

"कुठं नेयलाव?"

"घरी."

"देवाच्या कुत्र्याला कसलं घर?"

"माझी हाय ती!" धोंडप्पाचा आवाज फाटला. "माझ्या कमलम्मानं वाढवली. देवाची न्हाई, काई न्हाई. चोरी व्हईल म्हनून म्याच हळद फासली!"

खरं बोलायला त्यानं अगदी चुकीची वेळ निवडली. अव्वल कारकून पुढं आला. त्याच्या बदलीचा प्रश्न होता. "सोन्यासारखं दैवत घरी न्यायला निघालाय. चोर आहे हा," तो म्हणाला. एकानं धोंडप्पाची गचांडी धरली. मी मधे पडलो, म्हणालो की अरे, कुत्री याचीच आहे, मी पहिल्या दिवसापासून बघतोय. "तुमचा चहा खपायलाय म्हनून बोलायलाव," असं मला उत्तर मिळालं, आणि गंमत म्हणजे चहा खपत होता तो कुत्री देवाची ठरली म्हणूनच.

"तुझी हाय तर हाक मार," गुणाबाई म्हणाली. "इथून नको, लांब जाऊन मार."

सगळ्यांना ते पटलं. हरणीला दुधाच्या वाट्यांजवळ सोडलं आणि धोंडप्पाला रस्त्याच्या पलीकडं उभं केलं. त्यानं हाक मारली. हाक कसली, घशातून नुसतं 'हर' एवढंच निघालं. हरणीनं वाट्या लाथाडल्या आणि अशी सुटली की खरंच हरीण वाटावं. त्याच्या छातीवर पाय ठेवून त्याचं तोंड चाटू लागली. मी मनात म्हटलं, सुटला बिचारा.

 मग गुणाबाईनं दोन्ही हात वर केले. "येळकोट येळकोट! देवानं मानूस निवडला गं बाई!"

झालं. सगळी गर्दी धोंडप्पाच्या पाया पडली, गचांडी धरणारा सगळ्यांत आधी. हरणीला घरी न्यायचं मात्र कुणी नाव काढू दिलं नाही. निवडलेल्या माणसानं देवाजवळ राहावं, एवढा निकाल लागला. धोंडप्पानं खोली सोडली, वळकटी आणून लिंबाखाली टाकली.

पुढल्या साली पाऊस बरा झाला. यार्डात माल उतरू लागला. जुना अडत्या स्वतः बोलवायला आला, पण धोंडप्पा जागचा हलला नाही.

"जा की," मी म्हणालो. "आता हिला कोण चोरायलंय?"

त्यानं हरणीच्या पाठीवरनं हात फिरवला. "चोर व्हता तवा बरं व्हतं, वीरण्णा. चोरापासून राखता येतं. हात जोडून येनाऱ्याला काय म्हनावं?"

तेवढ्यात एक बाई वाटी घेऊन आली, आणि धोंडप्पाला सरकून जागा द्यावी लागली.