गिरदावर काकांची पुस्तक-पहाणी

वांकिडीचे गिरदावर काका पुस्तक वाचत नसत, त्याची पहाणी करत. महसूल खात्यात उभं आयुष्य लोकांच्या वावरातली पिकं पाहून कागदावर चढवण्यात गेलेलं. कुणी भोळेपणानं कथासंग्रह हातात दिला, की निकाल ठरलेला : "आठ कथा. दोन ओलिताच्या, पाच कोरडवाहू, एक पडीत. पडीतात प्रस्तावना उगवली." एका लेखकाला हे ऐकून तिथंच ताप भरला आणि तो मंचेरियलला रेल्वेत बसल्यावरच उतरला, हे मी शपथेवर सांगतो. शपथ कुणाची, ते विचारू नका.

काका स्वतःही कथा लिहीत. ऐंशीच्या दशकात त्यांचा एकुलता एक संग्रह निघाला आणि ते परीक्षणाची वाट पाहू लागले. महाराष्ट्रातले संपादक म्हणत, तुम्ही आंध्रातले. हैदराबादचे म्हणत, तुम्ही जवळजवळ महाराष्ट्रातलेच. संग्रह बिचारा दोन राज्यांच्या हद्दीवर बेवारस ढोरासारखा उभा.

शेवटी काकांनीच परीक्षण लिहिलं आणि खाली काकींचं नाव टाकलं, यमुनाबाई. त्यात स्वतःची इतकी स्तुती, की संपादकानं ते शाई वाळायच्या आत परत पाठवलं. मग काकांनी त्याच संग्रहावर दुसरं पाठवलं : "लेखकाला नदी दिसली की तो बुडतो. नायिका तीन पानं रडते, तेवढ्यात कापूस वेचून झाला असता." हे मात्र छापून आलं! पाठोपाठ संपादकाचं कार्ड : यमुनाबाई, आणखी लिहा. पुस्तकांची पार्सलं एवढी येऊ लागली, की पोस्टमननं सायकल सोडून बैलबंडी धरली.

काही वर्षांनी बातमी आली. उत्तम परीक्षणांचं पारितोषिक, यमुनाबाईंना! मी तिथल्या शाळेत मास्तर आणि पेपरला गावच्या बातम्या पाठवणारा. काका धापा टाकत माझ्याकडे आले.

"मास्तर, बातमी द्या, पण खरी. परीक्षणं म्या लिवली. जलमात एक बक्षीस आलं, तेबी बायकोच्या नावानं! माहं नाव छापा."

"काकी काय म्हणतात?"

"तिचा काय संबंध? तिले मराठी वाचता तरी येते काय?"

ते खरं होतं. काकींचं माहेर मंचेरियलचं, शाळा तेलुगूत. मराठी नुसती बोलण्यापुरती, पण ती मात्र सुरीसारखी. मी म्हटलं, पहाणीला साक्षीदार लागतो, आणि काकांसोबत त्यांच्या घरी गेलो. काकी तूर पाखडत होत्या.

"काकी, परीक्षणं काकांनीच लिहिली ना?"

"हो तं. त्यायनंच लिवली. हे वाचून दाखवत, मी बोलत जाय, हे लिवत जात."

"मग नदी दिसली की बुडतो, हे कोण बोललं?"

"मीच! बुडते नाही तं काय! अन् ते रडणं? तेवढ्यात माहा कापूस वेचून झाला असता."

काका खांबाला टेकले. लिहिता लिहिता ही गोष्ट ते सोयीनं विसरले होते. मग ते खाकरले.

"मास्तर, कागद काढा. बयान देणाऱ्याचं नाव वर असते, लिवणाऱ्याचं खाली. आमच्या खात्याची रीतच हाय. वर तिचं टाका."

"आणि खाली तुमचं?"

"जागा राह्यली तं."

राहिली नाही. पेपरवाल्यांनी खालची ओळ कापली. समारंभात काकींनी पावतीवर तेलुगूत सही केली, तेव्हा संयोजक कागद उलटसुलट करून पाहत राहिले, आणि पहिल्या रांगेतून काकांनी अशा टाळ्या ठोकल्या की मांडवाचा बांबू सुटला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी काका गेले. पार्सलं येतच राहिली. एकदा मी एक फोडून म्हटलं, "काकी, मी वाचतो, तुम्ही बोला." रडायच्या जागी आवाज कापरा केला, भांडणात चढवला. दुसऱ्या पानावर काकींनी हात वर केला.

"राहू द्या जी मास्तर. तुमी लय गोड वाचता. हे लिलावाची नोटीस वाचल्यावानी वाचत. त्या आवाजातबी डोळ्यात पाणी आलं, तं ते खरं समजो मी. तुमच्या तोंडून सारंच चांगलं वाटून राह्यलं. खोटं कुठं हाय, मले कसं कळन?"

मी पुस्तक मिटलं. "काकांच्या कथेला कधी आलं होतं पाणी?"

"आलं ना, एकदा." काकींनी पदर सावरला. "पण त्यायले नाही सांगतलं. सांगतलं असतं, तं त्यायचा वाचाचा आवाज बिघडला असता."