स्मृतीच्या गोळ्या

मालगुंडच्या विहारात बुद्धवंदना म्हणावी ती भिवा मास्तरांनीच, असा खणखणीत आवाज. पण सत्तरीनंतर त्यांचं डोकं सारखं ठणकू लागलं. एका संध्याकाळी वंदना निम्म्यावर तुटे, दुसऱ्या दिवशी अख्खी येई. डावा हात लुळा पडे नि पुन्हा चालू लागे.

रत्नागिरीतल्या बड्या डॉक्टरांनी मोबाइलवरून नजर न हलवता पहिल्याच अंकात पडदा पाडला. "वय झालं, आजोबा." स्मृतीच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

"वय आलं की परत जात नाही," मास्तर बाहेर येऊन लेकीला, श्रुतीला म्हणाले. "माझं येतं नि जातं. एवढंही या शहाण्याला कळू नये?"

श्रुतीने त्यांना एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, एमआरआय केला, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज होती. औषधं सुरू झाली.

पुढे एका पौर्णिमेला मास्तरांनी वंदना अखेरपर्यंत म्हटली. घरी येऊन उरलेल्या स्मृतीच्या गोळ्या श्रुतीच्या हातात ठेवल्या.

"त्या बड्या डॉक्टरांना नेऊन दे, पोरी. तपासायला विसरतात बिचारे."