याडीच्या जागी बुजगावणं

दत्ता सर कुणाला शिवी देत नसत. एखाद्याचं चित्र फसलं की ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावत, त्याला शेजारी उभं करत आणि आम्हाला म्हणत, ‘हसा की. काहून गप बसून राहिले?’ आम्ही हसायचो. मी तर सगळ्यांत आधी.

हिंगोलीत त्यांचा ॲनिमेशनचा धंदा होता. गावोगावच्या शाळांसाठी आम्ही गणिताचे हलते-बोलते धडे बनवायचो. झाडं, शेळ्या, माणसं, सगळी चित्रं सर्व्हरवरच्या एकाच लायब्ररीत. शाळेत धडा सुरू झाला की तो नावानं हाक मारून तिथून चित्र मागवून घ्यायचा. तिथं एक चित्र बदललं की सगळ्या शाळांत बदललंच. डोकं सरांचं, ते मानावंच लागेल. ‘एका नावाला एकच चित्र. जुनं सांभाळाया ही काय धर्मशाळा हाय?’ म्हणून नवं चित्र जुन्यावरच चढवायचं, म्हणजे जुनं पुसलंच जायचं, असा नियम.

सुनीता औंढ्याजवळच्या तांड्यावरची, आमच्यातली सर्वांत चांगला हात असलेली. शेळ्या मोजणारी बाई तिनं काढली आणि नाव दिलं याडी, म्हणजे आई. तिची आई आधारकार्डं यायच्या आधीच वारली होती. घरात एकही फोटो नव्हता. सुनीतानं आठवून आठवून तो चेहरा काढला. तांड्यावरच्या शाळेत हा धडा लागला की तिचा बाप दारात येऊन बसायचा, आणि गुरुजी त्याच्यासाठी दोनदा लावायचे. रोज पडद्यावर दिसतं त्याचा फोटो कोण काढून ठेवतं?

पुण्याला नोकरी लागल्यावर सुनीता म्हणाली, ‘सर, एवढं एक चित्र घेऊन जाते.’

‘तू जा बाई,’ सर म्हणाले. ‘याडी कंपनीची हाय.’

ती जिना उतरली असेल-नसेल, सरांनी मला बोलावलं. ‘याडीच्या नावावर बुजगावणं चढव.’

‘सर, तिचा बाप बघतो ते.’

‘म्हणून तर.’

मी चढवलं. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा फक्त पडद्याशेजारी उभं राहायची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत बुजगावणं शेळ्या मोजायला लागलं. आवाज तोच, मोजणं तेच. पोरं खदखदून हसली. गुरुजींनी मला फोनवर सांगितलं, म्हातारा उठेचना, एकेका लेकराला विचारत राहिला, ‘कुठं गेली रे?’

गेल्या वर्षी सर वारले. त्याच आठवड्यात सुनीताचा फोन आला. ‘आता तरी द्या दादा ते चित्र. कुठं तरी प्रत असंल.’

ते राहिलेलंच नाही, असं मी सांगितलं. वर शहाणपणानं म्हणालो, ‘परत काढ की.’

‘बसते काढाया. भलत्याच बाईचं तोंड येऊन राहिलं.’ ती पुढे म्हणाली, ‘काढून ठेवलं होतं ना दादा, म्हणून आठवणं सोडलं होतं मी.’



‘कुणी पुसलं?’ मग तिनं विचारलं.

‘सरांनी,’ मी म्हणालो.