माझ्या वाट्याची अर्धी माळ

रविवारची मिस्सा संपली की फादर सूचना वाचतात. तोवर पोरं बाहेर पळालेली असतात, बाया दारातल्या ढिगात आपली चप्पल शोधत असतात. पुरुष तर शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आतच फाटकापाशी जाऊन उभे राहतात. मीही तसाच होतो. सूचना ऐकायचं काम घरचीचं. ती आल्यावर सांगायची, या आठवड्याला चर्च झाडायची पाळी आपल्या वाडीची आहे, अमक्याच्या पोरीचं लग्न ठरलंय, शुक्रवारी फादर आजाऱ्यांना क्रिस्तप्रसाद द्यायला येणार आहेत, तर घोंगडी उन्हात टाका. माझा आठवडा तिच्या तोंडानं चालायचा. ती गेल्यापासून मी सूचना संपेपर्यंत आत बसतो.

पावसाळा सरता सरता अशाच एका रविवारी फादरांनी गुरुवारच्या प्रार्थनेचं घर वाचलं, आणि ते माझं नव्हतं.

आमची वाडी देवळाली प्रवराच्या बाजूला, पाटाच्या कडेनं आहे. दर गुरुवारी संध्याकाळी एका घरी सगळे जमतात, माळ म्हणतात, म्हणजे मण्यामण्याला एक प्रार्थना. पवित्र मारियेची मूर्ती काचेच्या पेटीत आहे, तिला आम्ही माउली म्हणतो. माउली एका घरी आठवडाभर राहते आणि पुढच्या गुरुवारी शेजारच्या घरी जाते. पाळी घरांच्या ओळीनं. त्या आठवड्यात ती माझ्या अलीकडच्या घरी होती. पुढचं घर माझं. फादरांनी वाचलं ते माझ्या पलीकडचं.

मी पाटकरी होतो. जन्मभर पाटाचं पाणी ओळीनं सोडलं. मधलं शेत टाकून पाणी पुढं नेलं तर लोक कुऱ्हाडी घेऊन येतात, आणि बरोबर येतात. ज्याची पाळी चुकवली त्याचं पीक तर जातंच, पण त्याला कुणी धरलंच नाही हे जास्त लागतं.

आमच्या वाडीची प्रार्थना अंगणवाडीची बाई बघते. माझ्या लेकीच्या वयाची आहे, कामाची आहे. ती फाटकात भेटली तिथंच मी विचारलं.

"माउली माझ्या दारावरनं पुढं कशी चालली?"

"आबा, तुमाला तरास नको म्हनून. घरात बाईमानूस न्हाई. झाडलोट हाय, बसायचं, च्या-पानी हाय. वर्ष होऊ द्या, मग घेऊ की तुमच्याकडं."

"वर्षाचं काय? आपल्यात इटाळ कवापासून आला?"

"तसं न्हाई वो आबा."

"मग कसं? बाई मेली. घर न्हाई मेलं."

माझं बोलणं असंच आहे. घरची असती तर मागून माझा सदरा ओढला असता. शेजारी माझा दोस्त उभा होता, म्हातारा सुतार. चर्चची दारं-खिडक्या त्याच्याच हातच्या. त्याला कमी ऐकू येतं, पण भांडण बरोबर ऐकू येतं.

"देऊन टाक गं त्याला," तो म्हणाला. "न्हाईतर आडवा पडंल हितं, आन् आपल्याला जेवायला उशीर."

बाई हसली. म्हणाली, "बरं आबा. गुरवारी तुमच्याकडं. फादरला मी सांगते. पन घरधन्यानं पैले दहा मनी सांगायचे असत्यात. सांगाल ना?"

"सांगीन की."

असं म्हणालो आणि घरी आलो. पण पहिले दहा मणी मला सांगता येत नव्हते.

हे जरा सांगायला पाहिजे. माळेतला प्रत्येक मणी दोघांत वाटलेला असतो. सांगणारा अर्धी प्रार्थना म्हणतो, नमो मारियेपासून धन्य तुझ्या उदरीचे फळ येशूपर्यंत. बाकीचे उरलेली अर्धी म्हणतात, पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. आमच्या घरात लग्न झाल्यापासून सांगणारी ती आणि मागं म्हणणारा मी. ती चुलीपुढं भाकरी थापता थापता सांगायची, मी बाजेवर पडून मागं म्हणायचो. भाकरी करपायला लागली तर एका दमात "धन्य तुझ्या उदरीचे फळ येशू, अवो ती ताटली द्या" म्हणायची. मी ताटली देत देत "पवित्र मारिये" धरायचो. कधी बाहेरून दमून आलो तर नुसता हुं करायचो. ती थांबायची. मी नीट म्हणेपर्यंत पुढचा मणी घ्यायची नाही. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तिखिस्मा, म्हणजे धर्माची प्रश्नोत्तरं, मार खाऊन पाठ केला आणि विसरलो. देवाकडचं जे काही होतं ते तिनं धरलं होतं, मी तिच्या मागं होतो.

म्हणजे तिची अर्धी मला माहीत नव्हती असं नाही. जन्मभर कानावर पडलेली. पण माझ्या तोंडून ती कधी निघालीच नव्हती.

आणि दुसरंही होतं. नगरच्या दवाखान्यात शेवटच्या दुपारी ती शुद्धीवर होती. ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणाली, माळ म्हणू. मी म्हणालो, नळी लाव आधी. तिनं ऐकलं नाही. सांगायला लागली. आवाज अगदी बारीक, मी कान तिच्या तोंडापाशी नेला होता. काही मणी झाले. मग एक मणी तिनं धरला, "स्त्रियांमध्ये तू धन्य" इथपर्यंत आली आणि थांबली. मला वाटलं दम घेतेय. मी वाट बघत बसलो. तिनं तिची अर्धी पुरी केल्याशिवाय माझी सुरू कशी करणार? जन्माची सवय. नर्स आली, तिनं हात बघितला, डॉक्टरला बोलावलं. मी तरी बसलेलोच.

"मरणाच्या वेळी" हे शब्द माझ्या अर्ध्यात आहेत. किती हजार वेळा म्हणालो असेन, तंबाखू मळता मळतासुद्धा. आणि ती वेळ समोर आली तेव्हा मी मुका बसून राहिलो. तिला तेवढंही माझ्याकडून मिळालं नाही.

त्यानंतर घरी दोनतीनदा माळ हातात घेतली. "स्त्रियांमध्ये तू धन्य" इथं आलो की जीभ उचलत नव्हती. माळ परत खुंटीला. रविवारी चर्चमध्ये मागं म्हणायचो, ते जमायचं. सांगणं जमत नव्हतं. हे कुणाला बोललो नव्हतो.

केडगावला दिलेली लेक आहे, तिचा रोज फोन असतो. तिला सोमवारी बोलून गेलो.

"आप्पा, येत कसं न्हाई? जलमभर ऐकलंय तुमी."

"ऐकलंय. म्हनलेलं न्हाई."

"मग मी येते गुरवारी. मी सांगते पैले दहा."

"तू तुझ्या घरची घरधनीन. हितं माझं घर हाय."

"मग मोबाईलवर लावून बघा. माळ असते त्याच्यात. त्याच्या बरुबर म्हना, सवय हुईल."

नातवानं कधीतरी लावून दिली होती, ती सापडली. एक बाई गोड आवाजात सांगत होती आणि पुष्कळ लोक मागं म्हणत होते. मी तिच्याबरोबर म्हणायला लागलो. माझं निम्मं होत नाही तोवर लोकांचं संपून ती पुढच्या मण्यावर. दोन मण्यांनंतर मोबाईल बंद केला. तो माणसासाठी थांबत नाही.

मंगळवारी, बुधवारी घर झाडलं, जाळी काढली. आमच्या भावकीत निम्मी घरं बौद्ध आहेत, भिंतीला भिंत. पलीकडची भावजय मोठं पातेलं घेऊन आली आणि माझ्या चुलीपाशी बसकणच मारली. "भावजी, च्या मी करनार. साखरंला तुमी हात लावायचा न्हाई. तुमच्या हातचा च्या जाऊबाईच्या मातीच्या दिवशी पेलाय आमी." मी म्हणालो, त्या दिवशी कुणाला चव कळली असेल? ती म्हणाली, समद्यांना. मग पदर डोळ्याला लावून भांडी घासत बसली.

गुरुवारी संध्याकाळी माउली आली. पुढं ढोलकी, मागं बाया गात. पेटी टेबलावर ठेवली. टेबलावरची चादर घरचीनंच कधी विणलेली, तिला कडेला चहाचा डाग आहे, तो मी मागच्या बाजूला केला. झेंडूचा हार, दोन मेणबत्त्या. घर भरलं, काही लोक ओट्यावर बसले. दोस्त सुतार माझ्याच बाजूला येऊन गुडघ्यावर बसला. "सतरंजी तरी जाड टाकायची," म्हणाला.

अंगणवाडीच्या बाईनं सुरुवातीची प्रार्थना घेतली आणि माझ्याकडं बघितलं. मी माळ धरली.

"नमो मारिया कृपापूर्ण, प्रभू तुजबरोबर आहे." इथपर्यंत आवाज बरा होता. "स्त्रियांमध्ये तू धन्य."

आणि थांबलो.

समोर मेणबत्ती होती, माणसं होती, पण मला दवाखान्यातली पांढरी चादर आणि ती नळी दिसत होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. बायांना पुढचं पाठ होतं, कुणीही उचलून दिलं असतं. कुणी उचललं नाही. अंगणवाडीची बाई माळ धरून खाली बघत बसली होती.

सुताराला वाटलं माझं संपलं. आधीच त्याला कमी ऐकू येतं. त्यानं एकट्यानंच खणखणीत आवाजात सुरू केलं, "पवित्र मारिये, देवाच्या माते..."

"थांब की रं," मी त्याच्यावर खेकसलो. "संपलं न्हाई अजून माझं."

आणि त्याच तिरमिरीत, त्याच आवाजात, पुढचं निघालं. "आणि धन्य तुझ्या उदरीचे फळ येशू."

मग घरानं उचललं. ओट्यावरच्यांनीही. मी सांगणारा कधी नव्हतो, त्यामुळं मागं म्हणणाऱ्यांचा आवाज मला समोरून कधी आला नव्हता. पाटाचं फाटक वर केलं की पाणी आधी अडखळतं, मग एकदम चारीभर भरून चालतं, तसा तो आला. ती रोज हे ऐकत होती तेव्हा घरात मागं मी एकटाच. तिच्या पदरात माझा तेवढा एक आवाज होता, तोही अर्धा झोपेतला. तरी ती थांबायची.

मी पुढचा मणी घेतला. मग पुढचा. आता जीभ अडत नव्हती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून चालू दिलं. मण्यांकडं माझं ध्यान राहिलं नाही. दहानंतरचा मोठा मणी आला तो अंगठ्याखालून कधी सरकला कळलं नाही, मी सांगतच होतो आणि घर मागं म्हणतच होतं. एकाही बाईनं मला अडवलं नाही.

शेवटी सुतारच कुजबुजला, म्हणजे त्याच्या मतानं कुजबुजला, सगळ्यांना ऐकू गेलं. "आरं, दहा कवाच झालं. गुडघं मोडलं माझं."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं, तोंड ओलं होतं तरी. अंगणवाडीच्या बाईनं हळूच "पित्याला गौरव" म्हणत ते दशक संपवलं आणि पुढचं स्वतः घेतलं. मी मागं म्हणायला लागलो, माझ्या जुन्या जागेवर.

चहा झाला. भावजयीनं साखर बरोबर घातली होती. जाताना अंगणवाडीची बाई म्हणाली, "आबा, आठवडाभर रोज सांजच्याला माउलीपुढं म्हनायचं बरं का. एकटं वाटलं तर आमच्यातलं कुनी येईल."

"नको," मी म्हणालो. "यील मला म्हनायला."

शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला, माउलीपुढं बसलो. घरात मी एकटा. सांगायला लागलो. तिची अर्धी पुरी म्हणालो, फळ येशूपर्यंत, आणि सवयीनं थांबलो. मागं म्हणायला कुणी नव्हतं. मग ते मीच म्हणालो. पवित्र मारिये, देवाच्या माते. घाई केली नाही. "आमच्या मरणाच्या वेळी" हे शब्द मोठ्यानं म्हणालो, पलीकडं भिंतीला ऐकू जातील इतके. उशीर झालेलाच होता. पण तिचं अर्धं तिथं तसंच पडून होतं, त्याला जोड द्यायची माझी राहिली होती, ती दिली. आणि पुढचा मणी धरला.