हुरड्यापुरता मेंबर

तालुक्यात हल्ली दोन-तीन जणांनी अशा गाड्या घेतल्यात, आणि घेतली की ते मला फोन करतात. पुण्यातला स्पोर्ट्‌स कारवाल्यांचा क्लब म्हणे तुम्ही जॉइन केलाय, काही फायदा आहे का? मी सरळ सांगतो की जा, पण गाडी घेऊन जा. त्यांना वाटतं मी थट्टा करतोय. थट्टा अजिबात नाही. मी तीन वर्षं मेंबर आहे आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी मोटारसायकलवर काढली.

माझं गाव पारनेर तालुक्यात, सुप्यापासून आत. सुप्याच्या एका कारखान्यात अकरा वर्षं मशीनवर उभा राहिलो, मग नोकरी सोडून घरची शेती धरली. डाळिंब, सहा गाई, बाकी ज्वारी. गाडी घेतली ती जुनीच, पुण्यातल्या एका डॉक्टरांची. पिवळी, दोन दारांची, दोनच माणसांची. पैसे कुठून आणले असं लोक अजून विचारतात. ट्रॅक्टर आणला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आता मीही सांगत नाही. शेतकऱ्यानं बोअर घ्यावा, बंगला बांधावा, पोरीच्या लग्नात अख्खा तालुका जेवू घालावा, तिथपर्यंत सगळ्यांना मान्य असतं. स्वतःच्या हौसेची दोन सीटची गाडी आणली की मात्र याचं डोकं फिरलं असं ठरतं. फिरलं तर फिरलं.

गाडी पहिल्यांदा गावात आली तेव्हा पारावरची सगळी मंडळी उठून आली. "लई खाली हाय राव," एक म्हणाला. दुसऱ्यानं दार उघडून आत डोकावलं. "ह्यात मानूस बसतो का पडतो?" तिसऱ्यानं मागून वाकून बघितलं आणि गंभीर तोंड करून विचारलं, "नांगर कुठं जोडायचा?" मीही हसलो. बायकोनं हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मारुतीच्या देवळापर्यंत माझ्या शेजारी बसून आली.

खरी पंचाईत रस्त्याची होती. हायवेपासून आमच्या वस्तीपर्यंत सात स्पीड ब्रेकर आहेत. सरकारनं घातलेला त्यातला एकही नाही. कुठं कुणाचं वासरू चेंगरलं, कुठं शाळेतलं पोर वाचलं, की दुसऱ्या दिवशी लोक मुरूम-सिमेंट आणून ब्रेकर घालून मोकळे. उंची ज्या त्या वस्तीच्या रागाप्रमाणे. माझ्या गाडीचं पोट पहिल्याच ब्रेकरला घासलं. मग मी बाभळीच्या दोन जाड फळ्या तासून घेतल्या, एका टोकाला निमुळत्या. ब्रेकर आला की उतरायचं, फळ्या चाकांपुढे ठेवायच्या, गाडी हळूच वर चढवायची, पुढे गेल्यावर फळ्या उचलायच्या आणि परत बसायचं. सात वेळा. लोक बघत बसतात. बघू देत.

क्लबात मी का गेलो? एकच इच्छा होती. दहा-बारा खुज्या गाड्या एकामागे एक चालल्या आहेत आणि त्यात एक माझी आहे. हसणारं कुणी नाही, नांगराचं विचारणारं कुणी नाही, आणि मधल्या गाडीतून जाणारा मी कुणी विशेष नाही. एवढंच हवं होतं. क्लबानं बाकी बरंच दिलं, ते नाकारणार नाही. कुठलं ऑइल घालायचं, टायर कुठे मिळतात, हातात कसब असलेला मेकॅनिक कोणता, वळणाच्या आधी ब्रेक कसा मारायचा, हे सगळं मी तिथंच शिकलो. स्टिकर दिला, टी-शर्ट दिला.

पण पहिल्याच मीटिंगला एक गोष्ट कानाला खटकली. तिथं सगळे एकमेकांना सर म्हणत होते. माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरगाही सर. मी बोललो, बोलण्यातून गाव कळलं, आणि मी दादा झालो. दादा म्हणजे मान असं कुणी म्हणेल. मीही तशी समजूत घालून घेतली.

त्याच मीटिंगला मी एक चूक केली, जी आमच्याकडचा कुणीही करेल. चहा पिताना सेक्रेटरींनी विचारलं, कुठून आलात. मी सांगितलं, आणि आपसूक पुढचं वाक्य तोंडातून गेलं, "या एकदा हुरडा खायला." आमच्याकडे हे वाक्य एसटीत शेजारी बसलेल्यालाही म्हणतात. त्यानं "येऊ की" म्हणायचं आणि विषय संपवायचा. सेक्रेटरींनी तिथल्या तिथं मोबाईल काढून तारीख टाकली.

आता बोलावलंच आहे तर पाहुण्यांची आबाळ होता कामा नये. आमच्या घरात ते चालत नाही. जानेवारीत ज्वारीची कणसं दुधात आली, त्या रविवारी नऊ गाड्या आल्या. बायको पहाटे चारला उठली होती. पिठलं, भाकरी, लसणाची चटणी, दही, गूळ. मी सुप्याच्या फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होतो, मागे फळ्या बांधलेल्या. ओळीच्या पुढे मी, माझ्यामागे नऊ स्पोर्ट्‌स कार. प्रत्येक ब्रेकरला मी उतरायचो आणि नऊ वेळा फळ्या मांडायचो. माझी गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली होती. मी आगटीजवळ बसून कणसं भाजली, गरमच हातात चोळली, फुंकून दिली. लोक खूष झाले. मीही खूष झालो, हे खोटं कशाला बोलू. वाटलं, यंदा यजमान, पुढच्या वेळी मेंबर.

बाकीच्या सहलींना जाणं मला जमत नव्हतं. कोकण दोन मुक्काम, महाबळेश्वर दोन मुक्काम. सहा गाईंचं दूध मुक्कामाला जात नाही. पूर्ण वर्षात एका दिवसाची, माझ्या रस्त्यावरची सहल एकच, हुरड्याची. आणि दुसऱ्या वर्षी क्लबाच्या कॅलेंडरवर ती छापून आली. वार्षिक हुरडा ड्राइव्ह. खाली माझं नाव, त्याच्यापुढे कंसात लिहिलेलं, व्यवस्था.

त्या वर्षीही मीच मोटारसायकलवर. जेवणं झाल्यावर कापणी झालेल्या पट्ट्यात त्यांनी गाड्या ओळीनं लावल्या आणि सगळे आपापल्या गाडीपुढे उभे राहिले. मी हात धुऊन, शर्ट झटकून निघालो. ताडपत्री काढायला किती वेळ लागतो. तेवढ्यात सेक्रेटरींनी त्यांचा मोबाईल माझ्या हातात दिला.

"दादा, जरा एक फोटो काढता का? सगळे येऊ द्या हं."

मी काढला. सगळे आले. माझी गाडी दहा पावलांवर होती.

गाड्या गेल्यावर मी ओट्यावर बसून तणतणत होतो. मी मेंबर नाही का, वर्गणी भरत नाही का, माझ्या रानात माझ्याच गाडीला जागा नाही का. बायको परातीतली भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाली, "फोटोत न्हाई घेतलं म्हनून इतका राग आला व्हय? आन मी कुठल्या फोटोत हाय?"

तिनं पुढचं पातेलं ओढलं.

"गाडी आनून दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "मी तिच्यात कितींदा बसले? पूजेच्या दिशी, देवळापर्यंत. तुमाला त्यांनी आगटीला बसवलं, मला तुमी चुलीला बसवलं. त्यांना नावं ठेवायच्या आधी जरा स्वतःकडं बघा."

इतकं खरं मला तोंडावर कुणी बोललं नव्हतं. राग आला, लाजही वाटली, आणि लाज जास्त होती. मी उठून तिच्याशेजारी भांडी विसळायला बसलो. ती म्हणाली, राहू द्या, डाग तसेच ठेवता तुमी. पण उठवलंही नाही.

क्लब सोडावा असं त्या रात्री मनात आलं होतं. सकाळी तो विचार मी झटकून टाकला. मी का सोडू? गाडी माझी, हौस माझी, मेंबर मी. ज्यांनी मला ओळीबाहेर ठेवलं त्यांची सोय मी कशाला बघू?

या जानेवारीत मी आठ दिवस आधी ग्रुपवर मेसेज टाकला. या वर्षी मी गाडी घेऊन ड्राइव्हला येणार आहे. माझ्यासोबत माझी मिसेस असेल. शेतावर कणसं, गोवऱ्या, चटणी, गूळ आणि माठात पाणी ठेवलेलं असेल. फाटक उघडं राहील. भाजायला, वाढायला कोणी नसेल. सेक्रेटरींचं उत्तर दोन मिनिटांत आलं. हात जोडलेले, आणि खाली, "दादा, तुम्ही आहात म्हणजे आम्हाला काळजीच नाही!" मी तोच मेसेज पुन्हा पाठवला. त्यावर अंगठा आला.

पाहुणे येणार आणि घरात कोणी नाही, हे बायकोला शेवटपर्यंत टोचत होतं. आदल्या दिवशी तिनं चटणी दुपटीनं केली. आगटीचा खड्डा स्वतः साफ केला, गोवऱ्या रचून ठेवल्या, काडेपेटी पिशवीत घालून खुंटीला अडकवली. "उपाशी कुनी जायला नको," एवढंच म्हणाली.

रविवारी धारा काढून आम्ही उजाडता उजाडता निघालो. ती नवीन पातळ नेसली होती, डोक्याला स्कार्फ. फळ्या मांडायचं काम तिनं घेतलं. तिसऱ्या ब्रेकरला माझ्याहून सरळ मांडायला लागली. सातव्याला आत बसताना म्हणाली, "ह्यो ब्रेकर तुमच्या चुलतभावानं घातलाय ना? तरीच." हायवेला लागल्यावर मी गाडी जरा सोडली. तिनं दाराचं हँडल घट्ट धरलं, मग सोडलं, मग काच खाली घेतली. शिरूरचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "एवढंच पळतीय व्हय ही?" मी आणखी सोडली.

पुण्याबाहेरच्या पेट्रोल पंपावर गाड्या जमल्या होत्या. आम्ही उतरलो तेव्हा सेक्रेटरी हातात नंबरांचे कागद घेऊन फिरत होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"दादा! तुम्ही इथे? मग तिकडे कोण आहे?"

"तिकडं ज्वारी आहे," मी म्हणालो.

ते हसले, मग हसायचे थांबले. "अहो, पण व्यवस्था? वीस माणसं आहेत."

"मेसेजमध्ये लिहिलंय तेवढी केलीय. माझा नंबर द्या."

"तुमचा नंबर केलाच नाही. तुम्ही होस्ट ना."

"होस्ट नाही. मेंबर," मी म्हणालो, आणि गाडी चार नंबरच्या मागे नेऊन लावली. पाच नंबरवाल्यानं हॉर्न दिला. मी काच खाली करून त्याला नमस्कार केला. तो बिचारा मागे सरकला.

पुढचा तासभर मला हवा होता तसाच गेला. पुढे चार, मागे सहा, मध्ये आम्ही. रस्त्याकडेची पोरं हात करत होती आणि बायको सगळ्यांना उलट हात करत होती. मी कुणी विशेष नव्हतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं असं मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

सुप्याच्या फाट्यावर पुढच्या गाड्यांनी वळायला दिवे लावले आणि सगळे थांबले, कारण मोटारसायकल कुठेच दिसेना. मी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, फळ्या काढल्या आणि सेक्रेटरींच्या हातात दिल्या.

"सात ब्रेकर आहेत. निमुळतं टोक आपल्याकडे ठेवायचं. एकानं उतरावं लागतं."

"आणि तुम्ही?"

मी बायकोकडे बघितलं. खरं सांगायचं तर माझा पाय तिथं थोडा अडखळला. दारात आलेले पाहुणे, आमच्याच फाट्यावर. ती पुढे बघत बसली होती. "सरळ चला," ती म्हणाली.

आम्ही सरळ नगरला गेलो. एका हॉटेलात बसलो, मिसळ मागवली. पोऱ्यानं पाणी आणून ठेवलं, तर ती सवयीनं उठून ग्लास भरायला लागली, आणि मग हसून खाली बसली. अर्धी मिसळ झाली असेल, माझा फोन वाजला. सेक्रेटरी होते. मागून खोकण्याचे आवाज येत होते.

"दादा, हे पेटतच नाहीये हो. नुसता धूर होतोय."

बायकोनं हात पुढे केला. मी फोन तिला दिला.

"गोवऱ्या जरा मोकळ्या करा," ती म्हणाली. "खाली वारा जाऊ द्या. आता गुडघं टेका. उभं ऱ्हाऊन न्हाई पेटत ते. वाका आन बुडातून फुंका."

पलीकडे बराच वेळ फुंकण्याचा आवाज आला. मग सेक्रेटरी म्हणाले, ते मलाही ऐकू आलं, "वहिनी, त्यापेक्षा तुम्हीच येता का जरा?"

"न्हाई हो," बायको म्हणाली. "आमी ड्राइव्हला आलोय."