पाचवीचं कोरं कार्ड

भुतंखेतं, साक्षात्कार... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. तरी हे लिहितोय.

शारजात अल नहदाला राहतो, अकरावा मजला, वन बीएचके. हमरियाला पेंट कंपनीत क्यूसीला आहे — दिवसभर रंगांच्या शेड तपासायच्या, त्याही पांढऱ्या कार्डवर. मुलगी झाली म्हणून गावाहून आई आली होती. शनिवारी संध्याकाळी तिने किचनमध्ये पाचवी पुजली. इथे पाटा कुठला? पोळपाटावरच मांडणी केली. सटवाई बाळाचं नशीब लिहिते, तिला कोरा कागद हवा. मी बॅगेतलं लॅबचं कार्ड दिलं.

"घे, सटवाईला ए-वन क्वालिटी!"

"हस लेका. तुजं बी तिनंच लिवलंय," आई म्हणाली. कार्डवर तिने तांदळाची रास घातली, वर सुपारी, शेजारी पेन.

रविवारी सकाळी बाळ दोनदा ओकलं. खाली आईच्या जुन्या पिवळ्या साडीचं दुपटं. डाग त्या रंगातच मुरला.

"अहो, दूधही ओढत नाहीये. दाखवू या ना," बायको सोनाली म्हणाली.

"बाळं ओकतातच. नॉर्मल आहे."... मी पदवीधर ना!

तासाभराने पुन्हा ओकलं. उचलायला वाकलो — आणि बाळाच्या गालाखाली ते कार्ड. पांढऱ्यावर डाग हिरवा. स्पष्ट हिरवा, मेंदीच्या ओल्या पाल्यासारखा. कार्ड इथे कसं आलं, हे विचारायलाही थांबलो नाही. बाळ आणि कार्ड घेऊन आम्ही टॅक्सी पकडली.

इमर्जन्सीतल्या मल्याळी डॉक्टरीणबाईंनी कार्ड उजेडात धरलं. "ये तो हरा है. दूध बंद, एक बूंद भी नहीं."

"मॅडम, पेट तो सॉफ्ट है..." पोट चाचपत नर्स म्हणाली.

"शुरू में सॉफ्ट ही रहता है. इतने छोटे बच्चे को हरी उल्टी हुई, तो रुकना नहीं."

नाकातून पोटात नळी, सलाईन, मग नळीतून औषध सोडून एक्स-रे. आतड्याला पीळ पडला होता, रक्त पोचत नव्हतं. लगेच ऑपरेशन.

सर्जन बाहेर आले. म्हणाले, आतडं काळपट पडलं होतं. पीळ सोडवला, कोमट ओल्या कापडात धरून ठेवलं... आणि हळूहळू गुलाबी झालं. "दोपहर तक रुकते, तो..."

गुलाबी! आयुष्यभर रंग बघतोय, पण तो शब्द मी त्यांना पुन्हा म्हणायला लावला.

संध्याकाळी कपडे न्यायला घरी आलो. किचनमधली मांडणी जशीच्या तशी. पेन जागेवर, सुपारी राशीवर. रास मात्र थेट पोळपाटावर. कार्ड नाही, आणि एक दाणा सांडलेला नाही.

मग कार्ड काढलं कुणी? सोनाली सिझेरियनच्या टाक्यांमुळे आधाराशिवाय उठत नव्हती. आई म्हणाली, "अंगूळ केल्याबिगर मी मांडणीला हात लावंन व्हय रं?"

नंतर मी स्वतः करून पाहिलं. दुसरं कार्ड, तेवढेच तांदूळ, वर सुपारी. कार्ड हळू ओढलं, झटक्यात ओढलं. दहा-बारा वेळा. दर वेळी रास मोडली.

आई दारात उभी राहून बघत होती, खांद्याशी टाके सुकलेली नात.

"शिकलेला तू हाईस बाबा," ती म्हणाली. "तूच सांग मला."