पोळ्याला सापडलेला जर्मन बैल

हिंगणीकडच्या एका शाळेतली ती चोरी आठवली, की आजही माझी छाती अशी फुगते की सदऱ्याची बटणं तुटतात. बायको साक्षीला आहे.

चोरीला गेलं होतं एक चित्र. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत छापलेलं, काचेत मढवलेलं. गाय, घोडा, डुकरं, बदकं आणि मधोमध बैल. बैल कसला, त्याला पाहून आमच्या पोलीस जीपनेही बाजूला होऊन वाट दिली असती.

खोलीचं कुलूप शाबूत, किल्ली शाळेच्या शिपायाकडे. म्हणून संशय त्याच्यावर. मुख्याध्यापकांनी निलंबनाचा कागद तयारच ठेवला होता. जबाबात शिपाई म्हणाला, "साहेब, मी चित्र नेऊन करू काय? घरात तेवढी भिंतच नाई."

मला पटलं. इतक्यात खबऱ्याने बातमी आणली: अल्लीपूरचा फ्रेमवाला काच बदलायला शाळेत आला होता, तेव्हा दुपारभर किल्ली त्याच्याच हाती होती; तेवढ्यात दुसरी किल्ली सहज बनते. हल्ली जुन्या वस्तूंचा एक व्यापारी त्याच्याकडे चकरा मारत होता.

माझ्या चौकशीत दगडही बोलतो, असा जिल्ह्यात लौकिक होता. तो मीच पसरवला होता, ते सोडा. हा गडी मात्र चहा पिऊन वर बिस्किट मागणारा. "साहेब, आपण देवायचे फोटो मढवतो. ढोरायच्या भानगडीत काऊन पडू?" झडतीपुरता आधार नव्हता. सोडून दिलं.

पोळा आला. बंदोबस्तावरून परतताना मुद्दाम त्याच्या दारात थांबलो. दारातली मातीची बैलजोडी नैवेद्यासकट पुजून झालेली. त्याची म्हातारी आई म्हणाली, "बसा भाऊ, पुरणपोळी खाऊन जाजा. पण पह्यले बैलाले निवद." आणि ताट घेऊन ती आतल्या खोलीत निघाली.

घरी गोठा नाही, मातीचे बैल जेवलेले. मग हा कोण राहिला?

फ्रेमवाला पांढराफटक. "माय, तुले सांगतलं होतं नं, तिकडं जाऊ नको."

"अबे, सणाच्या दिवशी घरातल्या बैलाले उपाशी ठेवू का?"

पंच बोलावले, झडती घेतली. पलंगामागे चित्र. जर्मन बैलाच्या कपाळी, काचेवर, ओलं कुंकू आणि पुढ्यात पुरणपोळी. पंचनाम्यात तिचीही नोंद केली. नंतर ती कुठे गेली, ते विचारू नका.

पोलिसाला कलमं पाठ हवीतच. पण कुठल्या सणाला कुठल्या घराचा हात आवरत नाही, हेही पाठ हवं. हे मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो.

कोर्टाच्या हुकमाने चित्र शाळेत परत लागलं. मुख्याध्यापकांनी किल्ली पुढे केली, तर शिपाई हात बांधून उभा. "सर, आधी पोरायसमोर सांगा, मी चोर नोतो."

सरांनी सगळ्या वर्गांसमोर सांगितलं. मग त्याने किल्ली घेतली, आणि मी, माझ्याही नकळत, त्याला सॅल्यूट ठोकला.